बीड लोकसभा निवडणुका, १९८९ व १९९६
बीड लोकसभा निवडणुका, १९८९ व १९९६ : महाराष्ट्र राज्यातील बीड मतदारसंघाच्या दोन निवडणुका. दोन्हींत काँग्रेसच्या विद्यमान लोकसभा-सदस्या केशरबाई क्षीरसागर यांचा पुन्हा निवडून येण्याचा प्रयत्न असफल ठरला. उमेदवार एकच असली, तरी दोन्ही पराभवांची कारणे भिन्न होती. मराठवाड्यातील विरोधी राजकारणाचे स्थित्यंतर त्यांतून स्पष्ट होते.

एकाच प्रतिनिधीस कायम ठेवण्याची परंपरा या मतदारसंघात नव्हती. १९५२ ते १९७७ या काळातील सहा सार्वत्रिक निवडणुकांत येथून सहा वेगवेगळे सदस्य निवडून आले. क्रांतिसिंह नाना पाटील (१९६७) व गंगाधरअप्पा बुरांडे (१९७७) हे त्यांपैकी दोघे साम्यवादी होते. राजुरी (नवगण) येथील क्षीरसागर घराण्यातील केशरबाई, लोकांच्या ‘काकू’, यांनी १९८० व १९८४ असे लागोपाठ दोन विजय मिळवून हा क्रम मोडला.

१९८९ साली बोफोर्स प्रकरणामुळे देशभर काँग्रेसविरोधी वातावरण होते. बीडमध्ये जनता दलाने शेजारच्या पाथर्डीचे बबनराव ढाकणे यांना उमेदवारी दिली. दरवर्षी गळीत हंगामात हजारो कुटुंबे कोयता घेऊन परमुलखात जाणाऱ्या या जिल्ह्यात ऊसतोडणी कामगारांचे नेते म्हणून ते परिचित होते. त्यांनी केशरबाईंचा पराभव केला. ती लोकसभा मुदतीपूर्वीच विसर्जित झाली आणि १९९१ मध्ये केशरबाईंनी ही जागा परत मिळविली.

१९९६ पर्यंत विरोधाचे नेतृत्व बदलले होते. १९९५ साली राज्यात शिवसेना-भाजप युतीचे शासन आले व परळी तालुक्यातील नाथ्रा गावचे गोपीनाथ मुंडे उपमुख्यमंत्री झाले. जिल्ह्यातील विरोधकांना प्रथमच राज्यसत्तेचे बळ लाभले. भाजपच्या रजनी पाटील यांनी केशरबाईंना पराभूत केले. राज्यातील ४८ जागांपैकी युतीस ३३, तर काँग्रेसला १५ मिळाल्या. १९८९ चा पराभव मुख्यतः राष्ट्रीय लाटेचा होता. १९९६ चा मात्र जिल्ह्यातच उभ्या राहिलेल्या पर्यायी सत्ताकेंद्राचा. म्हणूनच पहिल्यानंतर दोन वर्षांत पुनरागमन शक्य झाले, दुसऱ्यानंतर झाले नाही.

केशरबाईंचे २००६ मध्ये निधन झाले. पुढे २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत त्यांचे पुत्र व तत्कालीन मंत्री जयदत्त क्षीरसागर बीडमधून पराभूत झाले. विजयी उमेदवार संदीप क्षीरसागर हे केशरबाईंचेच नातू होत.