रेस्ट वास्तुशैली
रेस्ट ही वेबच्या रचनेवर आधारलेली, संगणकांच्या जाळ्यावर विखुरलेल्या प्रणालींची वास्तुशैली आहे. रॉय फील्डिंग यांनी २००० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतील प्रबंधात ती मांडली.

तिच्यात प्रत्येक विनंती स्वयंपूर्ण असल्याने सर्व्हर वाढवणे व उत्तरांची तात्पुरती साठवण सोपी जाते. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून मिळणाऱ्या डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्यासारख्या वाचनप्रधान सेवेला ही रीत सोयीची ठरते. नांदेड वा लातूरच्या शेतकऱ्याला उतारा पाहण्यास ब्राउझर पुरतो. फेरफारात मात्र अनेक नोंदी एकत्रच बदलाव्या लागतात. बदल अर्धवट राहिल्यास मालकीचा वाद उद्भवू शकतो. अशा व्यवहारांची अखंडता रेस्ट स्वतः राखत नाही. त्यामुळे मोठ्या संस्थांच्या प्रणालींत ही जबाबदारी डेटाबेस व सॉफ्टवेअरच्या पातळीवर सांभाळावी लागते.