हेमलकशाचे अनाथालय

हेमलकशाच्या प्राणी अनाथालयाकडे नुसते प्राणिसंग्रहालय म्हणून पाहिले, की त्याचा इतिहास निसटतो. डिसेंबर १९७३ मध्ये भामरागडच्या जंगलात लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तो माडिया गोंडांसाठी. प्राणी तेव्हा कोणाच्या गावीही नव्हते. मग एकदा शिकारी मारलेली माकडीण घेऊन चालले होते आणि तिला बिलगलेले पिल्लू जिवंत होते. प्रकल्पाच्या डॉ. प्रकाश आमट्यांनी ते तांदूळ देऊन सोडवले. मला ही देवघेव दयेहून महत्त्वाची वाटते. माडिया हौसेने नव्हे, पोटासाठी शिकार करत. त्यांना उपदेश ऐकवून काय मिळणार होते?

बिबट्याला पिंजऱ्यात ठेवणे हे कसले पुनर्वसन, हा आक्षेप खोटा नाही. पण आईविना वाढलेल्या, माणसाळलेल्या बिबट्याला जंगलात सोडणे त्याच्या आणि गावाच्याही जिवावर बेतते. पुण्याहून तिथे गेलेले कार्यकर्ते विलास मनोहर यांनी ‘नेगल’ या पुस्तकात प्राण्यांसोबतच्या सहवासाची नोंद ठेवली, हे बरे झाले. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चाच. पण पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या त्या मुलखात कायद्याआधी तांदूळ पोहोचला, आणि शिकारीच पोरकी पिल्ले आणून देऊ लागले.