केस काढण्याचे जुने यंत्र घेताना
इलेक्ट्रोलिसिसची पद्धत नेत्रतज्ज्ञ चार्ल्स मिशेल यांनी १८७५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केली. ऋण ध्रुवाला जोडलेल्या सुईमुळे केसाच्या मुळाशी कॉस्टिक सोडा तयार होऊन मूळ नष्ट होते. उपचारास अनेक बैठका लागतात. अंजनगाव सुर्जीहून अमरावतीच्या फेऱ्या टाळण्यासाठी जुने यंत्र घ्यावेसे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र काही गोष्टी तपासून घ्याव्यात. अमेरिकेतील यंत्रे १२० व्होल्टची असतात, आपला पुरवठा २३० व्होल्टचा आहे. सुई चुकून धन ध्रुवाला जोडली गेल्यास त्वचेवर कायमचा काळा डाग पडू शकतो. वापरलेल्या सुईतून हिपॅटायटिस-बीचा संसर्ग संभवतो. सुई नवी, निर्जंतुकच हवी. पेसमेकर असणाऱ्यांनी हे यंत्र वापरू नये. चेहऱ्यावर केस अचानक वाढल्यास प्रथम डॉक्टरांना दाखवावे. मूळ कारण अंतःस्रावांतील बिघाड असू शकते.