चांदीचा वेचकपणा

कारखान्यांतून माल किती निघाला, हें सारेच विचारतात. मालाबरोबर घाण किती निघाली, हा प्रश्न फार उशिरां विचारला गेला. एथिलीन ऑक्साइडचा इतिहास या दृष्टीनें मोठा उद्बोधक आहे. टेरिलीनचें कापड, मोटारीचें पाणी गोठूं न देणारें द्रव्य, असे कितीतरी जिन्नस त्यापासून सिद्ध होतात.

वुर्त्झ या फ्रेंच रसायनज्ञानें १८५९ सालीं तो प्रथम तयार केला, आणि पहिल्या महायुद्धापासून कारखाने त्याच्याच वाटेनें चालले. एथिलीन वायूवर क्लोरीन व पाणी यांची क्रिया करावयाची, आणि मग चुन्याच्या योगानें तो क्लोरीन पुन्हा काढून टाकावयाचा! तयार मालांत त्याचा एक अणुहि उरत नसे. सारा कॅल्शियम क्लोराइड होऊन सांडपाण्यांत जाई; नुसत्या हिशेबानेंच एक टन मालामागें अडीच टन क्षार. ज्या पाहुण्याला शेवटीं घालवूनच द्यावयाचें, त्याला आमंत्रण कशाला?

१९३१ सालीं लफोर या दुसऱ्या फ्रेंच माणसानें तें आमंत्रण रद्द केलें. एथिलीन व हवा तापलेल्या चांदीवरून नेली, कीं प्राणवायु सरळ एथिलीनला जोडला जातो. चांदी येथें उत्प्रेरक. ती क्रिया घडवून आणते, पण स्वतः खर्ची पडत नाहीं. १९३७ सालीं अमेरिकेंत युनियन कार्बाइड कंपनीनें या रीतीचा कारखाना उभारला.

पण भाकर भाजावी तों करपावी, तसें येथें होई. कांहीं एथिलीन जळून त्याचा कर्बाम्लवायु व पाणी होई. गंमत अशी, कीं हें जळणें आवरावयास हांकलून दिलेल्या क्लोरीनलाच परत बोलवावें लागलें. मात्र दहा लाख भागांत केवळ कांहीं भाग, तेंहि संयुगाच्या रूपानें.

पुढें तज्ज्ञांनीं एक मर्यादा सांगितली. प्राणवायूचा रेणु जोड-अणूंचा. त्यांतील एक अणु मालांत जातो व उरलेला एथिलीन जाळतो. एक रेणु पुरा जळावयास असे सहा अणु लागतात. म्हणजे सातांपैकीं सहा पदरांत, एक भस्म. शेंकडा ८५·७ च्या वर जाणें नाहीं. हें गणित इतकें सुबक होतें, कीं कित्येक वर्षें त्यावर विश्वास बसला. परंतु सुटा अणुहि माल घडवूं शकतो, असें आढळून आलें. आणि १९८० नंतरच्या दशकांत चांदीला सीझियम व ऱ्हेनियम यांची किंचित् जोड देऊन ती मर्यादा ओलांडली गेली. आतां उत्तम उत्प्रेरकावर शंभरांतले सुमारें नव्वद रेणु मालांत उतरतात. उरलेले दहा अजूनहि जळतात.