वाकड्या मांडवाची सरळ गोष्ट

दारूच्या बाबतीत आमची मजल काढ्यापलीकडे गेलेली नाही. पण परिपत्रक या विषयावर मात्र मी अधिकाराने बोलू शकतो. वीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला परिपत्रकाचा वास लांबून येतो. आणि इटलीतल्या कियान्ती वाईनचा इतिहास हा, खरं सांगायचं तर, परिपत्रकांचाच इतिहास आहे.

पहिलं परिपत्रक १७१६ सालचं. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने कियान्तीची हद्द आखून दिली. हद्द आखली, म्हणजे भांडणाची सोय झाली. पुढे आला बॅरन बेत्तिनो रिकासोली. हा गृहस्थ दोनदा इटलीचा पंतप्रधान झाला आणि बाकीचा जीव त्याने द्राक्षांत गुंतवला. १८७२ साली त्याने एका पत्रात आपली कृती कळवली. सांजोव्हेझे या काळ्या द्राक्षाने सुगंध येतो, कनायोलोने कडकपणा उतरतो आणि माल्व्हाझिया हे पांढरं द्राक्ष घातलं की वाईन हलकी, रोजच्या जेवणाची होते. मुरवायच्या वाईनमध्ये मात्र ते नसलं तरी चालेल, असंही त्याने लिहिलं.

आता ‘नसलं तरी चालेल’ हे शब्द पत्रातून परिपत्रकात कधीच उतरत नाहीत. १९६७ साली सरकारी नियम झाला, की कियान्तीत १० ते ३० टक्के पांढरी द्राक्षं घातलीच पाहिजेत. सांजोव्हेझे ८० टक्क्यांच्या वर नको. त्रेब्बियानो नावाचं पांढरं द्राक्ष उदंड पिकतं. ते खपवायचं कुठे, हाही प्रश्न होताच ना!

त्याच १९६७ साली सेर्जो मानेत्ती नावाच्या पोलादवाल्या कारखानदाराने राद्दा गावाजवळची मोंतेव्हेर्तिने ही वाडी सुट्टीत राहायला म्हणून विकत घेतली. पाहुण्यांपुरत्या थोड्या वेली लावल्या. १९७१ च्या पिकाच्या बाटल्या व्हेरोनाच्या प्रदर्शनात पाठवल्या, तर लोक खूश! झालं, पोलाद मागे पडलं. मदतीला होता जुलिओ गाम्बेल्ली. त्याच्याकडे पदवी नव्हती, जीभ होती.

वाडीत एक शेत होतं, ‘ले पेर्गोले तोर्ते’, म्हणजे वाकडेतिकडे मांडव. १९७७ साली मानेत्तीने त्या शेताच्या नावाने वाईन काढली, निव्वळ सांजोव्हेझेची. माझ्यासारख्या बी.कॉम. माणसाला इथे गरगरायला होतं. भेसळ कायदेशीर आणि शंभर टक्के शुद्ध माल बेकायदा! १९८१ साली मानेत्तीने कियान्ती क्लासिकोच्या संघाला रामराम ठोकला. नाव गेलं, प्रतिष्ठा गेली, बाटलीवर शब्द आले ‘टेबल वाईन’, म्हणजे सगळ्यांत खालची पायरी. भाव मात्र वरच्या पायरीचा. लेबलावर आल्बेर्तो मानफ्रेदी या चित्रकाराने काढलेले बायकांचे चेहरे होते. बाटलीवर काय लिहायचं नाही ते नियमाला सांगता येतं. चेहरा कुणाचा असावा, हे नाही.

पुढे नियमच हळूहळू मांडवाखाली आला. १९८४ साली पांढरी द्राक्षं २ ते ५ टक्क्यांवर उतरली. १९९६ साली निव्वळ सांजोव्हेझेला परवानगी मिळाली आणि २००६ पासून कियान्ती क्लासिकोत पांढऱ्या द्राक्षांना बंदीच झाली. म्हणजे जे घातलं नाही म्हणून १९७७ साली वाईनचं नाव जात होतं, तेच घातलं तर आता नाव जातं!

माझ्यासारखे लोक नियम पाळतात म्हणून कचेऱ्या चालतात, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. पण नियम सुधारतो तो मानेत्तीसारख्याने स्वतःचं नुकसान पत्करल्यावर, हेही मला लेजरमध्ये लिहायलाच हवं.

मानेत्ती २००० साली वारला. दार उघडल्यावरही तो संघात परतला नाही, आणि मुलगा मार्तीनोही नाही. पंधरा वर्षांनी मान आला खरा, पण खातं केव्हाच बंद झालेलं. आणि बंद खात्यावर व्याज जमा होत नाही, हे आमच्या बँकेतला शिपाईसुद्धा सांगेल.