नीलहरित जिवाणूंमधील कार्बनसंचय

पोषकद्रव्यांची, विशेषतः नायट्रोजनाची टंचाई पडली की प्रकाशसंश्लेषी जिवाणू कार्बन पेशीतच साठवतात आणि त्यावर वाईट दिवस काढतात. हा साठा मुख्यतः दोन बहुलकांचा असतो : ग्लायकोजेन हे ग्लुकोजचे शाखायुक्त बहुलक आणि पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट (पीएचबी) हे पॉलिएस्टर. ऱ्होडोस्पिरिलम रुब्रमसारखे जांभळे जिवाणूही पीएचबी साठवतात. मात्र या प्रक्रियेचे सर्वांत बारकाईने संशोधन झाले ते सिनेकोसिस्टिस पीसीसी 6803 या गोड्या पाण्यातील नीलहरित जिवाणूत. त्याच्या संपूर्ण जीनोमचा क्रम 1996 मध्ये जपानी संशोधकांनी प्रसिद्ध केला.

सिनेकोसिस्टिसला हवेतील नायट्रोजन वापरता येत नाही. पाण्यातील नायट्रेट संपले की नवी प्रथिने बनणे जवळपास थांबते. ऊन मात्र पडतच असते आणि कार्बन डायऑक्साइड स्थिर होतच राहतो. नायट्रोजनाअभावी 2-ऑक्सोग्लुटारेट पेशीत तुंबते. टंचाईची वर्दी पेशीला यातूनच मिळते. ते पी-टू या प्रथिनाला जोडले गेले की पी-टूने धरून ठेवलेले पिर-सी हे छोटे प्रथिन सुटते आणि फॉस्फोग्लिसरेट म्यूटेज या विकराला अडवते. परिणामी 3-फॉस्फोग्लिसरेटातील कार्बन अमिनो आम्लांऐवजी ग्लायकोजेनकडे वळतो. लोणार सरोवरातही वाढणाऱ्या आर्थ्रोस्पायराच्या, म्हणजे बाजारातल्या स्पिरुलिनाच्या, पेशींत अशा वेळी कोरड्या वजनाच्या निम्म्याहून अधिक ग्लायकोजेन साठू शकते.

याच काळात पेशी प्रकाश टिपणारी फायकोबिलिसोम ही रंगद्रव्यसंकुले मोडून त्यांतील अमिनो आम्ले वापरते. काही दिवसांत चंबूतील निळसर हिरवे संवर्धन पिवळे पडते. ते मेल्यासारखे दिसत असले, तरी पेशी सुप्तावस्थेत जिवंत असतात. पुन्हा नायट्रेट मिळाल्यावर त्या लगेच प्रकाशाकडे वळत नाहीत. आधी ग्लायकोजेन जाळून श्वसनावर ऊर्जा मिळवतात, रायबोसोम व इतर यंत्रणा उभी करतात आणि मग हिरव्या होतात. सुमारे दोन दिवसांत विभाजन सुरू होते. ग्लायकोजेन बनवू न शकणारे उत्परिवर्ती प्रकार टंचाईतही पिवळे पडत नाहीत. ते जादा कार्बन पायरुव्हेट व 2-ऑक्सोग्लुटारेटच्या रूपात बाहेर टाकतात आणि पुढे तग धरत नाहीत. ग्लायकोजेन म्हणजे केवळ शिदोरी नव्हे. जादा कार्बनाला सुरक्षित वाट देणे हेही त्याचे काम आहे.

पीएचबीची गोष्ट इतकी सरळ नाही. ते सावकाश आणि बरेचसे ग्लायकोजेनच्या विघटनातून तयार होते. ते बनवू न शकणाऱ्या पेशीही प्रयोगशाळेत टंचाईतून जवळपास तितक्याच सहज सावरतात, त्यामुळे त्याचे नेमके प्रयोजन वादात आहे. तरीही त्याच्याकडे लक्ष अधिक गेले, कारण ते जैवविघटनशील प्लास्टिक आहे. पिर-सीचे जनुक काढून आणि पीएचबी बनवणारी दुसऱ्या जिवाणूची जनुके घालून त्याचे प्रमाण कोरड्या वजनाच्या निम्म्यापलीकडे नेता आले आहे. व्यापारी उत्पादनात मात्र एक अडचण राहते : साठा भरतो तो वाढ थांबल्यावरच.