रॅकेटचं आजोळ

घोडबंदर रोडवरच्या टॉवरची जाहिरात असो की डोंबिवलीजवळच्या पलावाची, टेनिस कोर्ट त्यात हटकून असतं. संध्याकाळी खांद्याला रॅकेट अडकवून मुली तिकडे निघतात, कुणी वळूनही बघत नाही. मराठी घरातल्या मुलीच्या हाती ही रॅकेट आली कशी, याचा माग काढत गेलं, तर एक वाट चक्क एका वेदपंडिताच्या घरात शिरते.

शंकर पांडुरंग पंडित हे ते गृहस्थ. तुकारामबोवांच्या गाथेची ‘इंदुप्रकाश’ प्रत सिद्ध करणाऱ्यांपैकी एक, शिवाय सायणभाष्यासह अथर्ववेदाचे संपादक. 1894 साली ते गेले तेव्हा त्यांची क्षमा जेमतेम चार वर्षांची होती. पुढे ती मुंबईच्या डॉ. राघवेंद्र रावांची पत्नी झाली. गांधींच्या लढ्यावर ‘सत्याग्रहगीता’ लिहिणाऱ्या पंडिता क्षमा राव त्या ह्याच. संस्कृत श्लोक रचणाऱ्या ह्या बाई टेनिसच्या स्पर्धाही खेळत! लेक लीला 1911 सालची. तिच्या घरात पोथी आणि रॅकेट यांचं वैर नव्हतं.

तोवर ह्या खेळाचं वयही फार नव्हतं. विंगफिल्डने इंग्लंडात त्याचं पेटंट घेतलं 1874 मध्ये. अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा 1881 मध्ये सुरू झाली आणि बोस्टनच्या श्रीमंत घरातला रिचर्ड सिअर्स ती सलग सात वर्षं जिंकत राहिला. खेळायचं ते हौसेखातर, पैशासाठी नाही, हा दंडक विम्बल्डनने 1968 पर्यंत पाळला. ऐकायला उदात्त, पण घरची परिस्थिती बेताची असेल तर बोटीचं तिकीट काढणार कोण? लीलाचे वडील डॉक्टर होते, हेही तिच्या कर्तबगारीच्या हिशेबात धरायला हवं.

1934 मध्ये विम्बल्डनच्या पहिल्या फेरीत तिने ग्लॅडिस साउथवेलला हरवलं. तिथे सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. दुसऱ्या फेरीत इडा अदामोफपुढे ती हरली, पण तिसऱ्या सेटपर्यंत झुंजून. अखिल भारतीय विजेतेपद तर तिने अनेकदा मिळवलं. नंतर सनदी अधिकारी हरीश्वर दयाळ यांच्याशी लग्न झालं, आणि लीला राव दयाळ आईच्या कथांवरून संस्कृत नाटकं लिहू लागल्या.

हौसेचा तो दंडक सुटल्यानंतरच्या ‘ओपन’ युगात ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत एकेरीचा सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री उगवायला 1998 साल उजाडलं. ऑस्ट्रेलियात जिंकलेल्या निरुपमा वैद्यनाथनला मात्र त्या खेळाचे पैसेही मिळाले.